शिव्यांचा धनी

दिवाळीचा फराळ संपत आला, की आमच्या नांदेडच्या घरी ओसरीवर सिनेमाचा खेळ रंगतो. खेळ अगदी साधा. एकाने उठून एखाद्या नटाची नक्कल करावयाची आणि बाकीच्यांनी नाव ओळखावयाचे. गेल्या दिवाळीत आमचा दहा वर्षांचा नातू उठला. खुंटीवरची माझी टोपी त्याने डोक्यावर तिरपी बसविली, मान एका बाजूस कलती केली, डोळे बारीक केले आणि घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द चघळत, कुण्या बाईंना वाड्यावर येण्याचे फर्मान सोडले. सारी ओसरी हसून लोळली. नाव सगळ्यांनी एका तोंडाने ओळखले. टाळ्या थांबल्यावर चकलीचा तुकडा मोडीत नातवाने मला विचारले, "आजोबा, हा माणूस खराच होता का? की नुसती नक्कलच आहे?"

मी जरा चपापलो. तसे पाहिले तर पोराचे काय चुकले? तो जन्मला त्याच्या कितीतरी आधी, १३ जुलै २००९ रोजी, पुण्यात निळू फुले गेले. पोराने ऐकली ती नक्कल करणाऱ्यांची नक्कल. टोपी उरली, आवाज उरला, आणि आत कोण होते हे विचारणारा हा घरातला पहिलाच निघाला.

जाहिरातीच्या फलकावर ज्यांचे नाव तिसरे नाहीतर चौथे येते, अशा माणसांची ओळख या पानावर आपण करून घेत असतो. तेव्हा यंदाचे पान नातवाच्या प्रश्नाला दिले आहे.

नायकाच्या मागे उभे राहणाऱ्या या मंडळींना आपल्याकडे चरित्र अभिनेता म्हणतात. कुणी सासरा होतो, कुणी सावकार, कुणी फौजदार. अमेरिकेत हॉलिवूडवाल्यांनी त्यांच्यासाठी १९३६ सालच्या चित्रपटांपासून ऑस्करचे वेगळे पारितोषिक ठेवले. त्यातले नटाचे पहिलेच पारितोषिक वॉल्टर ब्रेनन या गृहस्थांना मिळाले आणि पुढे १९३८ व १९४० सालच्या कामांबद्दलही तेच घेऊन गेले. त्याच गावात अर्नेस्ट बोर्गनाईन नावाचा एक दणकट नट होता. १९५३ सालच्या 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' या चित्रपटात त्याने फ्रँक सिनात्राचा छळ करणारा लष्करी तुरुंगातला सार्जंट असा वठविला, की पाहणाऱ्याच्या मुठी आवळाव्यात. दोनच वर्षांनी 'मार्टी' मध्ये तोच नट एका भाबड्या, लग्न न जमणाऱ्या खाटकाच्या भूमिकेत आला आणि उत्तम नायकाचे ऑस्कर घेऊन गेला. आता मोठी मौज अशी, की आमच्या मराठी मुलखातल्या नटाची गोष्ट नेमकी उलटी आहे. हा माणूस आधीपासूनच भला होता. दुष्टपणा त्याला शिकून घ्यावा लागला.

नीळकंठ कृष्णाजी फुले हे त्यांचे पूर्ण नाव. घरची बेताचीच परिस्थिती. वयाच्या सतराव्या वर्षी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून कामाला लागले. महिना ऐंशी रुपये पगार. त्यातले दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. ऐंशीतले दहा! आपल्यापैकी ज्यांनी ऐंशी रुपयांत महिना काढला आहे, त्यांना या दहा रुपयांचे वजन सांगावयास नको. पुढे स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्यांच्या मनात होते, पण भांडवल नव्हते म्हणून ते राहून गेले. रोपवाटिका निघाली असती, तर महाराष्ट्रातल्या पडद्यावरचे कितीतरी सरपंच आणि चेअरमन जन्मालाच आले नसते.

सेवा दलाचे एक कलापथक होते. तमाशाचा बाज घ्यावयाचा, त्यातला अचकटपणा काढून टाकावयाचा आणि गण, गौळण, बतावणी, वग या जुन्याच साच्यात नवा विचार लोकांपुढे ठेवावयाचा, अशी ती रीत. फुले तिथे घडले. १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग स्वतः लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' मधल्या रोंगेने त्यांचे नाव झाले. मग शंकर पाटलांचे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य आले आणि राम नगरकरांच्या जोडीने फुल्यांनी गावेच्या गावे हसवून सोडली.

वगातल्या नटाला संहिता पाठ असून भागत नाही. समोरच्या गर्दीतून कुणी टोमणा मारला, तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. कुठे थांबायचे, कुठला शब्द ओढायचा, किती वेळ नुसतेच बघत राहायचे, हे गर्दीच शिकविते. पडद्यावर फुले नायिकेकडे नुसते पाहत आणि थिएटरात सन्नाटा होई. ते थांबणे वगाच्या मंडपात कमावलेले होते. १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' मधून ते चित्रपटात आले. झेले अण्णा हे त्या पात्राचे नाव. त्यानंतर गावोगावच्या प्रेक्षकाला आपापल्या गावातला अण्णा दिसू लागला.

येथे मला थोडे आमच्या मराठवाड्याविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट नीट कळावयाची नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना शाळेत इंग्रज भेटला, आम्हांला घरच्या दारातच जहागीरदार, देशमुख, पाटील भेटत. राज्य गेले, १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी गावातला वाडा होता तिथेच राहिला. फक्त वाड्यापुढची घोडी गेली आणि जीप आली. सोसायटी, पंचायत, खरेदी-विक्री संघ, अशा नव्या खुर्च्या आल्या. कुठे त्यांवर चांगली माणसे बसली आणि गावात पाणी, शाळा, रस्ता आला. कुठे जुनाच धनी नवी टोपी घालून बसला.

माझी धाकटी मावशी अहमदपूरकडच्या एका खेड्यात दिलेली. नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूर लागते. तो भाग त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात होता. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. आम्ही नांदेडकर 'जायलो' म्हणतो, मावशीकडे 'जाऊलालो' म्हणत. एवढ्या चाळीस-पन्नास मैलांत बोली बदले, पण दुष्काळ मात्र दोन्हीकडे सारखाच.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेले वाचक अजून पुष्कळ असतील. विहिरींचे तळ दिसू लागले. जनावरे बाजारात मिळेल त्या भावाने गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर माणसे जगली. मावशीचे यजमान आदल्याच वर्षी वारले होते. पदरी दोन लेकरे. सकाळी ती दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई. घरात दाणा नाही असे झाले, तेव्हा गावातल्या एका मोठ्या असामीने तिला ज्वारीची पोती आणि थोडे रोख पैसे दिले, आणि विहिरीजवळच्या तीन एकरांच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. जमीन गहाण राहील, पाऊस पडला की सोडवून घ्या, असे तिला सांगितले. पाऊस पडला. मावशी पेरणीला गेली, तर शेतात दुसऱ्याचे औत चालले होते. गावाने पाहिले. कुणी काही बोलले नाही. मावशीही बोलली नाही. गावात राहावयाचे होते, लेकरे लहान होती.

१९७६ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर मावशीकडे गेलो होतो. तेव्हा मी नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकत होतो. जवळच्या गावच्या जत्रेत तंबू टॉकीज आली होती. ज्यांनी ती पाहिली नाही, त्या शहरी वाचकांसाठी सांगतो. मोकळ्या माळावर कनाती ठोकावयाच्या, मध्ये पांढरा पडदा ताणावयाचा आणि ट्रकमधून आणलेले मशीन सुरू करावयाचे. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. खाली माती. ज्याने त्याने आपले पोते नाहीतर घोंगडी घरून आणावयाची. रीळ बदलताना अंधार होई आणि अंधारात शेंगांची टरफले फोडल्याचा आवाज येई. त्या रात्री 'सामना' लागला होता.

'सामना' हा विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला आणि कवी रामदास फुटाणे यांनी काढलेला चित्रपट. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवातही दाखविला गेला. त्यात निळू फुले झाले आहेत हिंदुराव धोंडे-पाटील. साखर कारखाना त्यांच्या शब्दावर चालतो, गाव त्यांच्या डोळ्यांवर. त्या गावात डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर येतो. एके काळचा गांधीवादी, आता दारूने खचलेला. हिंदुराव त्याला वाड्यावर नेतो, खाऊ-पिऊ घालतो, आपले वैभव दाखवितो. आणि हा मोडका मास्तर एकच प्रश्न धरून बसतो : सैन्यातून परत आलेला आणि गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे, त्याचे झाले काय?

या चित्रपटातले फुल्यांचे काम मी नंतर अनेकदा पाहिले. हिंदुराव नुसता दुष्ट नाही. त्याने गावात खरोखरच काही उभे केले आहे आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. पाहुण्याचे तो मनापासून आदरातिथ्य करतो. मास्तरविषयी त्याला ओढ वाटते, भीतीही वाटते. फुले कुठेही आवाज चढवीत नाहीत. आपले म्हणणे कुणी मोडील, ही शक्यताच ज्याच्या मनात कधी आली नाही, असा माणूस जसा बोलेल, तसे ते सावकाश बोलतात. सहकाराची चळवळ महाराष्ट्रात मोठी झाली. प्रवरेकाठी १९५० मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात नवा उजेड आला. तोच उजेड एकाच वाड्यात कोंडला गेला तर काय होते, हे 'सामना' ने दाखविले. असा माणूस राक्षसासारखा रंगविला असता, तर प्रेक्षक म्हणाला असता, असे कुठे असते का? फुल्यांनी तो माणसासारखा रंगविला. त्यामुळे प्रत्येकाला तो ओळखता आला.

त्या रात्री कनातीत हिंदुराव पहिल्यांदा दिसला आणि बायकांच्या बाजूने शिव्यांचा पाऊस सुरू झाला. "मुडदा बशिवला तुझा!" "तुझ्या तोंडात माती पडो!" त्यांत एक आवाज माझ्या ओळखीचा होता. चार वर्षे तोंडातून ब्र न काढलेली माझी मावशी उभी राहून पडद्याला शिव्या घालीत होती. तिच्या डोक्यावरचा पदर सुटला होता. शेजारच्या बायका तिला खाली ओढीत होत्या. मी लाजेने मान खाली घातली. कॉलेजात शिकत होतो ना!

पुढे पुढे मात्र तिच्या बाजूने काही ऐकू येईना. मास्तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, तसतशी बायकांची बाजू गप्प होत गेली.

परतीच्या वाटेवर बैलगाडीत मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यो मास्तर दारुडा हाय. पर त्यानं इचारलं. आपल्या गावात शुद्धीतली येवढी माणसं, कुणी इचारलं का रं?"

मी काय बोलणार? तीन एकरांची गोष्ट मलाही ठाऊक होती. मीही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून ती म्हणाली, "बाळा, तुझ्या वडलांना सांग. माझ्या कागदाची नक्कल काढायची हाय."

माझे वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी कागदाची नक्कल काढून आणली. गहाणखत नव्हतेच ते, सरळसरळ खरेदीखत होते, आणि मावशीच्या हाती पडले त्याच्या तिप्पट रक्कम तीत लिहिली होती. दावा लागला. वाचकहो, येथे एखाद्या चित्रपटाप्रमाणे मावशीला जमीन परत मिळाली असे लिहावयास मला फार आवडले असते. मिळाली नाही. अंगठा तिचाच होता, साक्षीदार त्यांचे होते. सहा वर्षांनी दावा फेटाळला गेला. वडील फार खिन्न झाले. मावशी त्यांना म्हणाली, "जाऊ द्या भावजी. इचारलं तर खरं."

तिच्या विचारण्याने एक गोष्ट मात्र झाली. त्यानंतर त्या गावातली माणसे कागदावर अंगठा उठविण्याआधी तो कागद घेऊन नांदेडला आमच्या घरी येऊ लागली. आई त्यांना चहा करी आणि वडील कंदिलाशी धरून त्यांना कागद वाचून दाखवीत. असे कागद मी कितीतरी पाहिले.

इकडे निळू फुले एकामागून एक भूमिका करीत होते. शंभरावर चित्रपट केले, पण ज्यांनी त्यांना फक्त पाटील म्हणून पाहिले, त्यांनी अर्धेच पाहिले. १९७२ मध्ये शांतारामबापूंच्या 'पिंजरा' मध्ये ते होते आणि त्याच साली रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' झाले. कमलाकर सारंगांनी बसविलेले ते नाटक सरकारी बंदीमुळे कोर्टापर्यंत गेले आणि सुटून आले. सोज्ज्वळ सेवा दलाच्या माणसाने असला उग्र सखाराम रंगवावा, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये तर त्यांनी उलटीच बाजू घेतली. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून केलेल्या या चित्रपटात ते दिगू टिपणीस हा वार्ताहर आहेत. मंत्री, पुढारी, कारस्थाने सारी डोळ्यांनी पाहणारा आणि काही करू न शकणारा. चार वर्षांपूर्वीचा हिंदुराव तो हाच, हे सांगूनही खरे वाटू नये. बोर्गनाईनला जसा 'मार्टी' मिळाला, तसा आमच्या नटाला दिगू मिळाला.

हिंदीतही ते गेले. १९८३ च्या 'कुली' त होते. १९८४ च्या 'सारांश' मध्ये अनुपम खेर यांच्या वृद्ध मास्तरांना छळणारा पुढारी गजानन चित्रे त्यांनीच केला. मास्तर आणि पुढारी ही जोडी जणू त्यांच्या पाठीस लागली होती. राज्य सरकारची पारितोषिके त्यांना ओळीने तीन वर्षे मिळाली, १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बाहेर कुठे गेले, की बायका त्यांना पाहून बाजूला सरत, तोंडावर शिव्या देत. ते मात्र त्या शिव्या कामाची पावती म्हणून घेत. ऐकावयास ही गोष्ट गमतीची वाटते. पण विचार करा. दिवसभर फुलझाडांना पाणी घालणारा, मिळकतीतला आठवा हिस्सा चळवळीला देणारा, मृदू बोलणारा हा माणूस. बायकांवर होणाऱ्या अन्यायाची ज्याला मनापासून चीड, त्याच्याच सावलीला बायकांनी भ्यावे! हिरोला लोक हार घालतात, कारण तो आपल्याला काय व्हावेसे वाटते ते दाखवितो. आपल्याला कुणी लुबाडले, त्याचा चेहरा दाखविणाऱ्याच्या वाट्याला हार येत नाहीत. तो चेहरा कुणीतरी आपल्या तोंडावर चढवावा लागतो आणि त्याची शिवीगाळही आपल्याच अंगावर घ्यावी लागते. फुल्यांनी ती चाळीस वर्षे घेतली.

पडद्याबाहेर ते ज्यांच्या बरोबर उभे राहिले, ती नावे पाहिली म्हणजे माणूस कळतो. डॉ. लागू, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर. चळवळीत पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याकाठी काही मानधन मिळावे, म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी नामवंत नटमंडळींनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' चे प्रयोग केले, त्यांत डॉ. लागूंबरोबर निळू फुलेही होते. 'सामना' तले मास्तर आणि हिंदुराव येथे एकाच कामासाठी एका रंगमंचावर उभे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते होते. माळ्याच्या ऐंशी रुपयांतले दहा काही सुटले नाहीत.

त्यांच्या शेवटच्या चित्रपटांपैकी एक म्हणजे २००९ चा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'. विषय शेतकऱ्याच्या हलाखीचा. त्यात त्यांच्याबरोबर आमच्या मराठवाड्याचा मकरंद अनासपुरे होता. आमची बोली पडद्यावर ऐकू आली ती त्याच्या तोंडून. आधी तिला हसून घेतले लोकांनी, मग तिच्यावर प्रेम केले. पुढे २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि अनासपुरे यांनी 'नाम' ही संस्था काढली आणि ज्यांच्या घरचा शेतकरी आत्महत्या करून गेला, अशा मराठवाड्यातल्या कुटुंबांना मदतीचा हात दिला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत. नटाने पडद्यावर ज्यांचे दुःख दाखविले, त्यांच्या दारात जाऊन उभे राहावे, ही वाट आधी कुणी चालून ठेवली होती, हे मला वेगळे सांगावयास नको.

आता मावशीकडे परत येतो. निळू फुले गेल्याची बातमी आली, तेव्हा योगायोगाने मी लातूरला मावसभावाकडे होतो. मावशी फार थकली होती. नजर मंद झाली होती. दूरदर्शनवर त्यांची जुनी चित्रे दाखवीत होते. मावशीने आवाजावरून ओळखले.

"त्योच का रं, आपल्या जत्रंतला?"

"तोच. गेले ते, मावशी."

मग मी तिला ते माळी होते हे सांगितले, ऐंशी रुपयांतले दहा रुपये सांगितले, कार्यकर्त्यांसाठी नाटके केली ते सांगितले. तिने सारे ऐकून घेतले. हाताची बोटे पदराशी चाळवीत होती.

"मी लई शिव्या दिल्या रं त्याला," ती म्हणाली. "त्या त्याला नव्हत्या. पर त्याला कोन सांगितलं असंल?"

मी म्हणालो, "मावशी, त्यांना ठाऊक होतं. बायकांच्या शिव्या म्हणजे कामाची पावती, असं ते मानीत म्हणे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग पोचल्या म्हनायच्या."

मावशी आता नाही. तिच्या कागदाची ती नक्कल वडिलांच्या ट्रंकेत आहे. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती सापडली. कडा कुरतडलेल्या आहेत, पण खालचा अंगठा अजून स्पष्ट दिसतो. मी नातवाला जवळ बोलाविले, तो कागद दाखविला आणि जत्रेतली ती रात्र सांगितली. म्हटले, "तू विचारलेस ना, हा माणूस खरा होता का? तू करतोस ती त्याची नक्कल. आणि तो करीत होता ती, ज्याने आजीचा हा अंगठा घेतला, त्याची."

पोर बराच वेळ अंगठ्याकडे पाहत राहिले. मग त्याने विचारले, "आणि आजोबा, ते तीन एकर आता कुणाकडे आहेत?"

चुलीपुढल्या मावशीची मला आठवण झाली. घरात विचारणारे कुणीतरी आहे, याहून चांगली दिवाळी ती कोणती? यंदा आपल्या ओसरीवरही नकलांचा खेळ रंगेल, तेव्हा टोपी तिरपी करणाऱ्या पोराला चकली देताना त्या पुण्याच्या माळ्याची गोष्टही सांगा. त्याला पोचेल.